रोपांना धूर लागू नये म्हणून

गाड्यांचा आवाज बंद करणे हा ज्याचा धंदा, त्या माणसाचे स्वतःचे तोंड मात्र कधी बंद नसायचे. गाडी खड्ड्यावर उभी राहिली की मिस्त्री हातात बत्ती घेऊन खाली उतरायचे, आणि मग गिऱ्हाइकाला जमिनीखालून व्याख्यान ऐकू यायचे. नटबोल्ट का गंजतात, हल्लीचा पत्रा कसा पापडासारखा निघतो, माणसाने गाडी उताराला कशी लावू नये आणि लग्न उशिरा का करू नये, सगळे एका दमात. गिऱ्हाईक वरून "हो, हो" म्हणत राहायचे. पळून जायची सोय नव्हती, कारण गाडी मिस्त्रींच्या ताब्यात असायची.

कामात मात्र हा माणूस सोने होता. तरुणपणी पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग शिकला, कारखाना बंद पडला तेव्हा सायलेन्सरच्या कामात शिरला आणि तीस वर्षे तिथेच रमला. नळी वाकवायची तर आत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडे बुजवायची, मग आच देऊन सावकाश वळवायची; म्हणजे वळणावर नळी चेपत नाही. हे सगळ्यांना माहीत असते, पण वाळू चाळून, तव्यावर भाजून घेणारे मिस्त्री एकटेच. गळती शोधायची त्यांची तऱ्हाही वेगळी. थंड इंजिन चालू करायचे, धूर बाहेर पडतो त्या तोंडावर ओले फडके दाबायचे आणि ओला तळहात नळीच्या कडेकडेने फिरवायचा. जिथे भेग असेल तिथे हाताला फुंकर लागते.

"धूर म्हणजे रुसलेला पाहुणा," ते म्हणायचे. "दार दाखवलं नाही तर खिडकीतून जातो, पण गेल्याशिवाय राहत नाही."

आणि एक वाक्य तर दिवसातून दहा वेळा ठरलेले असायचे: "माझ्या हातची गाडी त्याच कामासाठी परत येत नाही." हे खरे होते. म्हणूनच ऐकणाऱ्याला त्याचा जास्त राग यायचा.

शेजारच्या खोलीत त्यांची बायको गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवायची. मधली भिंत पातळ होती. मिस्त्रींचे बोलणे आणि तिची मशीन दोन्ही दिवसभर चालायचे आणि एकमेकांच्या आड येत नसत.

दीड वर्षापूर्वी रोपवाटिका चालवणारे दादा त्यांचा जुना पिकअप घेऊन आले होते. दादा मिस्त्रींपेक्षा आठ वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. कुठल्याही झाडाचे पान चुरगळून नाकाशी धरले की नाव सांगायचे. गाडी बावीस वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, मागे उघडा हौदा. सेल्फचा भरवसा नसल्यामुळे गिऱ्हाइकाच्या दारात रोपे उतरवताना दादा इंजिन चालूच ठेवायचे. तक्रार एवढीच होती की मागून निघालेला धूर हौद्यावर चढतो आणि कोवळ्या पानांच्या कडा काळ्या पडतात.

"माझं काही नाही, मिस्त्री," दादा म्हणाले होते. "पण रोपांना धूर लागता कामा नये."

मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि नळी मागच्या चाकाच्या पुढेच कापली. तिला एक सुरेख वळण दिले आणि केबिनच्या खालूनच बाजूला बाहेर काढली. धूर हौद्यापर्यंत पोहोचायचा प्रश्नच मिटला. दादांनी खुशीने लिंबाचे एक रोप आणून दिले. मिस्त्रींनी ही युक्ती येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितली की बायको भिंतीपलीकडून पुढचे वाक्य आधी म्हणायची. पाववाल्याला पावांची काळजी होती, लाँड्रीवाल्याला धुतलेल्या चादरींची; मिस्त्रींनी त्यांच्याही गाड्यांना तसेच करून दिले. आपल्या हुशारीवर माणूस एकदा खूश झाला की ती वाटत सुटतो, त्यातली गत.

आता तो पिकअप परत दारात उभा होता, आणि चालवत आणला होता दादांच्या मुलीने.

ही मुलगी शाळेत शिकवायची. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून बापलेक दोघेच. गाडीतून उतरली ती घाईत असल्यासारखी.

"काका, सायलेन्सर सगळाच नवा घाला. इंजिनपासून शेवटपर्यंत. घेणारा म्हणतो, आवाज कमी झाला तर लगेच नेतो."

"घेणारा? दादा गाडी विकतायत?"

"मी विकतेय," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने सगळेच सांगितले. "बाबांना आता झेपत नाही हो. वर्ष-दीड वर्ष डोकं दुखतं, मळमळतं. सिग्नल हिरवा झाला तरी नुसते बसून राहतात, मागचे शिव्या देतात. तीस मोगऱ्यांची रोपं भलत्याच बंगल्यात उतरवून आले. एकदा रस्त्याच्या कडेला गाडीतच झोपलेले सापडले, आणि मला म्हणाले, मी इथे कसा आलो? डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, वय झालंय, सुरुवात आहे, हळूहळू वाढत जाईल. दीड महिन्यापूर्वी मी किल्लीच काढून घेतली."

"आणि आता कसे आहेत?"

"आता घरात आहेत तर उलट बरे आहेत. डोकं दुखत नाही, जेवण जातं. म्हणजे गाडीचा ताणच होता ना?" तिने किल्ली मिस्त्रींच्या हातावर ठेवली. "त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, काका. पण ते म्हणाले, बरोबर आहे तुझं."

ती गेली. मिस्त्री खड्ड्यात उतरले आणि सवयीने गाडीशीच बोलू लागले. "काय गं म्हातारे, धनी बदलतेस?" बत्ती वर धरली आणि त्यांना आपले वळण दिसले. दीड वर्षानंतरही ते छानच दिसत होते. त्याच्या वर, केबिनच्या तळाला, राखाडी काजळीचा एक मोठा पंखा उमटला होता. पंख्याच्या मधोमध, जिथे चालकाचे पाय येतात तिथे, तळाला गंजून तळहाताएवढे भोक पडले होते.

मिस्त्री बोलायचे थांबले.

ते वर आले, केबिनमध्ये बसले, पायाखालची चटई उचलली. भोकातून खालची बत्ती सरळ दिसत होती. त्यांनी काचा लावल्या, इंजिन चालू केले आणि चटई परत टाकून बसून राहिले. धूर दिसत नव्हता. खास वासही येत नव्हता, जुन्या गाडीला येतो तेवढाच. दहा मिनिटांनी कपाळाभोवती कुणी पट्टा आवळत असल्यासारखे वाटू लागले आणि घसा कोरडा पडला. त्यांनी घाईने इंजिन बंद केले, दार उघडले आणि पायरीवर बसले. दादा या केबिनमध्ये रोज पाच-सहा तास बसत होते, थंडीत काचा लावून.

भिंतीपलीकडची मशीन थांबली. बायको हातात कात्री तशीच घेऊन दारात आली.

"काय झालं? काही लागलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग बोलत का नाही? मला वाटलं, अंगावर गाडी पडली."

मिस्त्रींनी तिला खड्ड्याजवळ नेऊन बत्तीच्या उजेडात दाखवले. समजावून सांगायला नेहमी अर्धा तास घेणाऱ्या माणसाने हे चार वाक्यांत सांगितले. बायको तळाकडे बघत राहिली.

"म्हणजे त्यांचं डोकं..."

"डोक्याला काही झालेलं नसणार. मी केलंय हे. रोपांना धूर लागू नये म्हणून माणसाला लावला."

"मग सांगून या."

मिस्त्रींनी पान्हा उचलला, परत ठेवला. "आता नवा सायलेन्सर घालतोच आहे की. भोकही बुजवतो. पुढे कुणाला त्रास नाही. गाडी तर जातेच आहे. आणि दादाही बरे होतायत आपोआप. उगाच कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुमची झाकलेली राहील. ते मात्र आपण वेडे होतोय असं समजून घरात बसून राहतील."

"डॉक्टरांना कळायला नको होतं?"

"डॉक्टर गाडीखाली झोपतो का?" ती म्हणाली. "आणि तुमच्या हातची गाडी परत येत नाही ना? ही आलीय."

ती निघून गेली आणि मशीन पुन्हा सुरू झाली. मिस्त्रींना तिचा राग आला. खरे बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा, म्हणजे फार काळ न टिकणारा. पण भीती टिकली. तीस वर्षांत मिस्त्रींनी दुसरे काही कमावले नव्हते. दुकान भाड्याचे, कान अर्धे गेलेले, पाठ वाकलेली. हातात होते ते फक्त नाव. आणि गावभर सांगून झालेल्या युक्तीने एका माणसाचे दीड वर्ष खाल्ले, हे उद्या गावभर होणार होते.

दोन दिवस त्यांनी काम केले. जुने बोल्ट तेलात भिजवून, आच देऊन, शिव्या न देता काढले. इंजिनशी नवे गॅस्केट बसवले, त्याला न गंजणाऱ्या पत्र्याची नळी जोडली, पूर्वीपेक्षा मोठा सायलेन्सर लावला. मागच्या आसावरून नळी नेताना दोन वळणे लागली; एक मनासारखे झाले नाही म्हणून नव्याने वाळू भाजली. रबराच्या कड्यांत सगळी नळी अशी टांगली की तळाशी कुठे टेकू नये. तोंड हौद्याच्या पार मागे काढून जमिनीकडे वाकवले. केबिनच्या तळाला जाड पत्र्याचे ठिगळ मारले, चारी बाजूंनी, आतून आणि बाहेरून.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. हौद्याच्या मागच्या कडेला, नळीच्या तोंडावर, एक तिरपा पत्रा बसवला, म्हणजे धूर वर न चढता मागे फेकला जावा. एवढ्याने रोपे वाचली असती. दीड वर्षापूर्वी हे सुचायला काहीच हरकत नव्हती, पण त्या दिवशी सोप्या गोष्टीपेक्षा सुरेख वळण जास्त आवडले होते.

बायको चहा घेऊन आली. तिने पत्रा बघितला. "हे कशाला?"

"रोपांना धूर लागू नये म्हणून."

"गाडी तर विकायचीय. घेणारा काय रोपं नेणार आहे?"

मिस्त्रींनी चहा घेतला आणि पत्र्याचा शेवटचा बोल्ट आवळला. उत्तर तिला मिळाले होते. भंगारातून जुनी कापलेली नळी तिने ओढून काढली आणि स्वतःच हौद्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेला सुट्टी होती, मिस्त्री पिकअप घेऊन रोपवाटिकेत गेले. हिरव्या जाळीखाली रांगेने कुंड्या मांडल्या होत्या. दादा एका बाकड्यावर बसून प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणे पट्ट्यांसारखी कापत होते आणि प्रत्येकीवर जाड पेनाने एकेक नाव लिहीत होते. प्रत्येक कुंडीत अशी पट्टी खोचलेली. जास्वंद, कण्हेर, मोगरा, लिंबू. बाकड्याजवळच्या कुंडीत फुललेला गुलाब होता, आणि त्यातही पट्टी: गुलाब.

"गुलाबालासुद्धा, दादा?"

"आज येतोय ओळखू. पुढचं काय सांगावं?" दादा हसले. "पोरीला धंदा सांभाळता यायला हवा. मी नसेन तेव्हा. म्हणजे, असेन पण नसेन तेव्हा."

मिस्त्री पालथ्या कुंडीवर बसले आणि बोलू लागले. बोल्ट किती गंजले होते ते सांगितले. नव्या पत्र्याचे गुण सांगितले. ऊन वाढल्याचे सांगितले. दादा मान डोलावत लिहीत होते. बोलता बोलता मिस्त्रींच्या लक्षात आले की आपण दारापर्यंत येऊन दाराभोवतीच फिरतो आहोत.

"किती नावं लिहिलीत, दादा?"

"चारशे बारा झाली."

"पुस्तकात बघून?"

"पुस्तक कशाला?" दादांनी वर बघितले. "माझीच झाडं आहेत की."

"मग विसरलात काय तुम्ही?" मिस्त्रींचा आवाज फाटला. "चारशे बारा नावं तोंडपाठ लिहिणाऱ्या माणसाला काय झालंय? तुम्हाला काही झालेलं नाही, दादा. मी केलंय. मी."

आणि मग त्यांनी सांगितले. हौद्यातली जुनी नळी आणून दादांच्या पायाशी ठेवली, कुठे कापली आणि धूर कुठून वर आला ते बोटाने दाखवले. या धुराने डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, माणूस कुठे निघालो तेच विसरतो; बाहेर मोकळ्या हवेत राहिला की सावरतो. म्हणून घरी बसल्यावर तुम्ही बरे झालात. आवाज ऐकून मुलगी बाहेर आली होती. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच विचारले.

"काका, तेव्हा ते भोक होतं?"

या प्रश्नाला पळवाट होती. गंज दीड वर्षात वाढतो, हे कुणीही मान्य केले असते.

"होतं," मिस्त्री म्हणाले. "बोट जाईल एवढं. मी बघितलं होतं. मला नळीची घाई होती. चटई परत टाकली."

मुलीने बापाकडे बघितले. "मी त्यांच्या हातातून किल्ली ओढून घेतली हो," ती म्हणाली. "स्वतःच्या बापाच्या." मिस्त्रींच्या तोंडावर काही बोलली असती तर त्यांना सोसले असते.

दादा उठले. पिकअपभोवती एक फेरी मारली, वाकून नव्या नळीवर हात फिरवला, मागचा तिरपा पत्रा बघितला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. परत येऊन त्यांनी पेनला टोपण लावले.

"अजून कुणाला करून दिलंस असं?"

"दोघांना. पाववाला आणि लाँड्रीवाला."

"त्यांना सांगितलंस?"

"आधी इथे आलो."

"आणि ऊन वाढलंय म्हणून सांगत बसलास?" दादांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तो पाववाला आत्ता गाडीत बसलेला असेल. काचा लावून." त्यांनी मुलीपुढे हात केला. "किल्ली दे."

"बाबा, आधी परत डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवू. उद्या दाखवू. आज दे."

किल्ली मिस्त्रींच्या खिशात होती. त्यांनी ती दादांना न देता मुलीच्या हातात दिली, कारण काढून घेतली तिने होती. तिने ती क्षणभर मुठीत धरली, मग वडिलांच्या हातावर ठेवली आणि त्यांची बोटे स्वतःच्या हाताने मिटली.

पिकअप निघाला. आवाज इतका कमी झाला होता की हौद्यातल्या दोन रिकाम्या कुंड्या एकमेकींवर आपटताना ऐकू येत होत्या. पहिल्या सिग्नलला दादा थांबले आणि हिरवा लागताच निघाले. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही. मिस्त्री शेजारी बसले होते. माफ करा म्हणायचे त्यांच्या मनात होते, पण दीड वर्षापुढे तो शब्द फार तोकडा होता.

"तुला एक सांगतो," दादा म्हणाले. नजर रस्त्यावरच होती. "रोज सकाळी जाग आली की मी डोळे उघडायचो नाही. आधी पोरीचं नाव मनात म्हणून बघायचो. आठवतंय का ते. आठवलं की मगच उठायचो. दीड वर्ष, मिस्त्री. आजसुद्धा."

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. खांदे हलू लागले. दादांनी त्यांच्याकडे बघितले नाही, वेगही कमी केला नाही.

"रडायचं नंतर," ते म्हणाले. "पाववाल्याचा रस्ता सांग."